फाटकाचा भरवसा

विहीणबाई येऊन तीन दिवस झाले नव्हते, आणि मी बनवलेलं फाटक त्यांच्यासाठी खाली बसलं.

मी लेकीच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. कुमुदताई ठमीचं बोट धरून पलीकडून आल्या, उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या, आणि फाटकाच्या बाराच्या बारा पट्ट्या मऊ पडून खालच्या खोक्यात उतरल्या. दोघी आत आल्या, फाटक मागे पुन्हा उभं राहिलं. ‘छान केलंय हो तुम्ही,’ असंही त्या म्हणाल्या. त्याआधी दहाच मिनिटं मी ठमीला घेऊन त्याच दारातून आले होते. तेव्हा हेच फाटक पिवळा दिवा लावून ताठ उभं होतं. मला खटका दाबून, पोर कडेवर घेऊन आत यावं लागलं होतं. माझ्याच हातचं फाटक! मी मेथी अशी काही ओरबाडली की निम्मी देठं भाजीत गेली.

सरळच सांगते, मला हेवा वाटला. पोटात दुखणं म्हणतात ना, तसं बरगडीखाली खरोखर दुखलं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तेही एका साध्यासुध्या बाईचा हेवा, म्हणून स्वतःची लाजही वाटली. पण लाज वाटली म्हणून हेवा कमी होत नाही.

मी चारुशीला खैरनार. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं आठ माणसांचं युनिट आहे. तीस वर्षं आम्ही एकच वस्तू बनवतो : दारात, बोळात, जिन्याच्या तोंडाशी लावायची फाटकं. घरात मूल रांगायला लागलं किंवा एखादे आजोबा न सांगता बाहेर पडायला लागले की लोक मला फोन करतात. ठमी म्हणजे माझी नात, माझ्या मृण्मयीची मुलगी. तिचं खरं नाव मुक्ता, वय चौदा महिने. मी ठमी म्हणते आणि कुमुदताई बबू म्हणतात. ती बबूला ‘ओ’ द्यायची, त्यावरूनही माझं डोकं फिरायचं.

आता त्या फाटकाचं सांगते, कारण ते समजल्याशिवाय माझा मूर्खपणा कळायचा नाही.

जुन्या फाटकांची एक खोड होती. मोठी माणसं ती उघडबंद करायला कंटाळतात. चार दिवस नीट लावतात, पाचव्या दिवशी उघडं ठेवतात किंवा मूल कडेवर घेऊन वरून तंगडी टाकतात आणि दोघंही आपटतात. म्हणून २०४०च्या दिवाळीनंतर आम्ही नवीन फाटक काढलं. ते दोन्ही बाजूंनी भिंतीला दाबून बसतं, पडद्याचा स्प्रिंगचा दांडा बसतो तसं, त्यामुळे भोकं पाडावी लागत नाहीत. दार अडीच फुटांचं असो की चार फुटांचं, ते आपलं माप आपण घेतं. मूल रांगतं असेल तर कमी उंच, चढायला लागलं की जास्त उंच. पट्ट्या अशा प्लास्टिकच्या, की थोडी वीज सोडली की लाकडासारख्या ताठ आणि वीज काढली की रबरासारख्या मऊ. हे सगळं ठीक होतं, पण खरी गोष्ट पुढेच होती. फाटक उघडायचं कुणासाठी, हे फाटकानंच ठरवायचं.

त्यासाठी आम्ही झुकाव मोजला. मूल अडखळलं की ज्याचं त्याच्याकडे खरोखर लक्ष आहे, त्या माणसाचं धड पाव सेकंदाच्या आत मुलाकडे झुकतं. हात नंतर पुढे येतो आणि ‘अगं बाई’ त्याच्याही नंतर तोंडातून निघतं. लक्ष नसेल तर हा झुकाव उशिरा येतो किंवा येतच नाही. फाटकातल्या छोट्या रडारला हे दिसतं. कॅमेरा नाही, फोटो नाही, फक्त शरीरांची हालचाल आणि छातीचे ठोके. चालण्याच्या लकबीवरून आणि ठोक्यांवरून ते माणूस ओळखतं आणि घरातल्या प्रत्येकाचा शंभरापैकी एक आकडा ठेवतं. त्याला आम्ही भरवसा म्हणतो. भरवसा सत्तरच्या वर असलेलं माणूस एकटं किंवा मुलासोबत आलं की फाटक आपणहून खाली बसतं. सत्तरच्या खाली असेल तर पिवळा दिवा लागतो. झुकाव ठरवून आणता येत नाही, त्याचं सोंग करता येत नाही. हा माझा खरा शोध होता आणि मला त्याचा फार गर्व होता.

मृण्मयी आणि जावई तेजस दोघंही समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतात. त्यांना गुजरातच्या किनाऱ्यापलीकडे तरंगत्या तळावर आठ महिन्यांची नेमणूक मिळाली. तिथं लहान मुलं नेता येत नाहीत. म्हणजे आठ महिने ठमी कुणाकडे तरी राहणार. माझ्याकडे नाशिकला, किंवा तेजसच्या आईकडे, कुमुद बाविस्करांकडे, जळगाव जिल्ह्यात चोपड्याला. मृण्मयीनं ठरवलं की कुमुदताईंनी महिनाभर नाशिकला यावं, दोन्ही आज्यांनी पोरीजवळ राहावं आणि मग बघू.

‘बघायचं काय त्यात?’ मी सगळ्यांसमोर म्हणाले होते. ‘फाटक आहे की दारात. महिन्यानं आकडे काढा. ज्याचा भरवसा जास्त, त्याच्याकडे पोर.’

तेजस जरा कचरला. आज्यांची परीक्षा घ्यायची का, असं काहीतरी पुटपुटला. कुमुदताई मात्र मान हलवून म्हणाल्या की यंत्र सांगेल ते खरं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला वाटलं होतं, फाटक माझं, नात माझी, शहर माझं; आकडा दुसऱ्या कुणाचा येणार?

पहिल्या आठवड्याचे आकडे आले. कुमुदताई एक्याण्णव. मी अडतीस.

मृण्मयीनं टॅब्लेट उलटा करून ठेवला आणि चहाचं विचारलं. माझ्याच मुलीनं मला सांभाळून घ्यावं, हे त्या आकड्याहून जास्त लागलं. तेजस म्हणाला, ‘अजून तीन आठवडे आहेत, आई.’ फार चांगला मुलगा आहे, पण त्या दिवशी मला तोही सहन होईना.

मग मी कुमुदताईंकडे बघायला लागले. नुसतं बघायला नाही, टपूनच बसले म्हणा ना. ही बाई करते तरी काय? तर काही नाही. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. जमिनीवर मांडी घालून बसायची, पाठ भिंतीला, आणि शेंगा सोलायची नाहीतर ठमीच्या टोपडीला बंद शिवायची. ठमी खोलीभर हिंडायची. बाई तिच्याकडे फारसं बघायचीही नाही. अहिराणीत काहीबाही बोलत राहायची, ‘काय करी ऱ्हायनी, बबू?’ आणि पोरगी लांबून हुंकार द्यायची. पण ठमीचा पाय चटईत अडकला की या बाईचं अंग सुईदोऱ्यासकट तिकडे वळलेलं असायचं. तिला स्वतःला ते ठाऊकही नसायचं.

मी चेव चढून प्रयत्न केले. फोन कपाटात ठेवला. ठमीच्या मागे मागे कमरेत वाकून फिरले. दर पाच मिनिटांनी ‘ठमे, सांभाळ’ म्हणाले. संध्याकाळी कंबर धरली आणि आकडा पस्तिसावर आला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या रात्री जेवताना कुमुदताईंनी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी माझ्या ताटात वाढली आणि म्हणाल्या की तुम्ही फार दमता, पोरीला तिचं तिचं हिंडू द्या. सल्ला बरोबर होता. म्हणून तर मला भाकरी गिळवेना.

दुसरा आठवडा संपत आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षं या धंद्यात काढलेली बाई मी, पस्तीस आकडा मला पटतच नव्हता. दुपारी ठमी आणि कुमुदताई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी लॅपटॉप फाटकाला जोडला आणि माझ्या नावाखालच्या सगळ्या नोंदी उघडल्या. त्यात गेल्या नोव्हेंबरच्या दोनशे चौदा नोंदी होत्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या युनिटचा जुना नियम आहे : ज्यानं बनवलं, त्यानंच ते आधी फसवायचं. नवीन फाटक झालं की आम्ही त्याच्यापुढे मुद्दाम बेफिकिरी करतो. त्यासाठी एक वाळूची बाहुली आहे, नऊ किलोची, आत श्वासाचा भाता आणि ठोक्यांचं यंत्र बसवलेली. पोरं तिला गुंडोपंत म्हणतात. गुंडोपंताला फाटकाशी उभं करायचं, पाठ फिरवायची, फोनवर बोलत निघून जायचं, त्याला धाडकन पाडायचं आणि ढिम्म हलायचं नाही. फाटकानं ओळखायला हवं की हे माणूस भरवशाचं नाही. हे करताना गळ्यात चाचणीचा बिल्ला घालावा लागतो, म्हणजे फाटक तो प्रकार त्या माणसाच्या नावावर धरत नाही. या फाटकाच्या चाचण्या मी मृण्मयीच्या घरातच केल्या होत्या, ती दोघं कामावर आणि ठमी पाळणाघरात असताना. लेकीच्या घरात गळ्यात बिल्ला कोण घालतं? मी घातला नव्हता. दोनशे चौदा वेळा मी त्या दारात एका पोराला पाडलं होतं आणि पाठ फिरवून चालती झाले होते. फाटकाच्या हिशेबी मी या घरातली सगळ्यात वाईट बाई होते.

मला इतका आनंद झाला की हसू आलं. त्या दोनशे चौदा नोंदी निवडायच्या आणि पुसायच्या, एवढंच काम होतं. मृण्मयीला बोलावून दाखवलं असतं तर तीही हसली असती.

नोंदी निवडल्या. पडद्यावर दोन पर्याय आले : ‘पुसा’ आणि ‘दुसऱ्या व्यक्तीच्या नावे करा’. हा दुसरा पर्याय मीच ठेवून घेतला होता, कारण कधीकधी फाटक बहिणीबहिणींच्या चालीत गल्लत करतं. आतल्या खोलीतून कुमुदताईंचा आवाज आला. ठमी झोपेत कुरकुरली होती आणि त्या अर्धवट झोपेतच तिला थोपटत होत्या. पोरगी लगेच गप्प झाली. माझ्याकडे असते तेव्हा ती अर्धा अर्धा तास रडते.

नोंदी पुसल्या असत्या तर माझा आकडा वर आला असता, हे मला माहीत होतं. पण त्यांचा एक्याण्णव तसाच राहिला असता. मला तो एक्याण्णव नको होता. मी दुसरा पर्याय दाबला आणि कुमुदताईंचं नाव निवडलं.

हे लिहिताना माझा हात थांबतो आहे. त्या वेळी थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदताई ठमीला घेऊन स्वयंपाकघराकडे आल्या आणि फाटक उभंच राहिलं. पिवळा दिवा लागला. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन पुन्हा येऊन पाहिलं. मी ओट्याशी पाठ करून उभी होते. मी म्हणाले, ‘असेल काहीतरी. येईल ताळ्यावर.’ मग मी बाहेर जाऊन ठमीला त्यांच्या कडेवरून उतरवून बोटाला धरून आले, तर फाटक लोण्यासारखं खाली बसलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. दिवसभर मी कारण काढून त्या दारातून ये-जा केली.

तिसऱ्या आठवड्याचे आकडे : मी चौऱ्याहत्तर, कुमुदताई एकतीस.

तेजसनं भुवया वर केल्या आणि यंत्रात बिघाड तर नाही ना, असं मला विचारलं. मी तपासल्यासारखं केलं आणि नाही म्हणाले. मला वाटलं होतं की कुमुदताई चिडतील. तंडतील, म्हणतील की हे फाटक विहिणीचंच आहे, तिच्याच बाजूनं बोलणार. त्या चिडल्या असत्या तर मी सुटले असते, कारण भांडणात माझा हात कुणी धरत नाही. पण त्यांनी टॅब्लेट हातात घेऊन तो आकडा बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, ‘हात कापतो माझा हल्ली. मला वाटायचं कुणाला दिसत नाही.’

मृण्मयी म्हणाली की असं काही नाही, आई, आकड्याचं एवढं मनावर घेऊ नका. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

‘अंगणवाडीत तीस वर्षं मी पोरं तोलली. आजी म्हणायची, आमचं पोरगं गुटगुटीत आहे. काटा म्हणायचा, नाही. मी आजीचं नाही, काट्याचं ऐकलं, म्हणून कितीतरी पोरं वाचली. आता पाळी माझ्यावर आली म्हणून काट्याला खोटं कसं म्हणू?’

त्या दिवसापासून त्या बदलल्या. ठमीला कडेवर घेईनात. भरवायचं झालं तर मला हाक मारत. जमिनीवर बसणं सोडलं आणि खुर्चीवर हात मांडीखाली घेऊन बसू लागल्या. ठमी येऊन गुडघ्याला लोंबकळायची, ‘आ, आ’ करून हात वर करायची, तर त्या मृण्मयीकडे बघायच्या, उचलू का म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या, मग हाताच्या. दोघांनीही वयाच्या मानानं ठणठणीत आहात असं सांगितलं, तर त्यांना ते पटलं नाही. चौथ्या दिवशी चोपड्याच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. म्हणाल्या, पोरीला माझ्यापासून धोका आहे, तर मी इथं कशाला?

मी जिंकले होते. मला हवं ते सगळं होत होतं आणि मला जेवण जात नव्हतं. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगू, आणि रोज फाटक माझ्यासाठी खाली बसलं की म्हणायचे, उद्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मृण्मयी नुसती ‘आई’ म्हणाली तरी मी दचकायचे.

त्या रविवारी मृण्मयी आणि तेजस नेमणुकीच्या वैद्यकीय तपासणीला गेले होते. मी ओट्याशी होते, फाटकाच्या आत. कुमुदताई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. ठमी चपलांच्या बाकड्यावर चढली. तिला चढता येतं हे मला माहीत नव्हतं. ती त्या बाकड्यावर उभी राहिली, टाळ्या पिटल्या आणि तोल गेला.

कुमुदताई तिच्यापासून एका हातावर होत्या. मी समोरून सगळं पाहिलं. त्यांचं अंग झुकलं, पाव सेकंदही लागला नसेल. दोन्ही हात मांडीखालून सुटून पुढे आले. आणि थांबले. हवेत तसेच थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘चारूताई, तुम्ही घ्या.’

मी धावले. फाटकाला खाली बसायला दीड सेकंद लागतो. तो वेळ मीच ठरवला होता, कुणाची बोटं पट्ट्यांत सापडू नयेत म्हणून. ठमी हनुवटीवर आपटली.

तीन टाके पडले. डॉक्टरांनी लगेच शिवलं, गोड बोलले, म्हणाले की या वयात हे व्हायचंच. ठमी टाके घालताना किंचाळत होती आणि माझ्या खांद्यावरून कुमुदताईंकडे हात पसरत होती. त्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुढे आल्या नाहीत.

संध्याकाळी चौघं जमलो तेव्हा त्या आधी बोलल्या. म्हणाल्या, मी जवळ असून पोर पडली, फाटक खरं बोलत होतं. मग मात्र मला तिथं बसवेना. मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गुंडोपंत, बिल्ला, दोनशे चौदा नोंदी, दोन पर्याय. कुठलं बटण दाबलं आणि का दाबलं, तेही. ‘मला तुमचा हेवा वाटत होता,’ असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. ‘अजूनही वाटतो.’

तेजस उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मृण्मयी माझ्याकडे बघत नव्हती. तिनं हळू आवाजात सांगितलं की पहिल्या आठवड्यापासूनच त्यांचं ठरलं होतं. आकडे कुणी मनावर घेतलेच नव्हते. चार महिने चोपड्याला, चार महिने नाशिकला. शेवटच्या दिवशी आम्हाला सांगणार होते. ‘तुला फक्त थांबायचं होतं, आई,’ ती म्हणाली.

 मी कुमुदताईंच्या शिव्यांची वाट बघत होते. त्या उठून माझ्यासमोर आल्या.

‘मला फसवलंत त्याचं काही नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण पाच दिवस मी पोरीला हात लावायला भ्याले. आज हात पुढे गेला आणि मी मागे घेतला. तो मागे कसा घ्यायचा हे मला माहीत नव्हतं, चारूताई. ते तुम्ही शिकवलंत.’

 

ठमी आठही महिने चोपड्याला राहणार, असं ठरलं. मी हूं की चूं केलं नाही. फाटक सोबत द्यायचं का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मी ते स्वतः काढून युनिटवर नेलं. दुसऱ्याच्या नावे करायचा पर्याय आता कुठल्याच फाटकात ठेवलेला नाही. घराघरांतले आकडे दाखवणंही बंद केलं. फाटक काय ठरवायचं ते ठरवतं, पण कुणाला नंबर देत नाही. ग्राहक कुरकुरतात, सुनेचा किती, सासूचा किती, म्हणून विचारतात. मी सांगत नाही.

दोन महिने मी चोपड्याला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? मृण्मयी तळावरून फोन करायची, पण कामापुरतं बोलायची. मग एक दिवस कुमुदताईंचाच फोन आला. ठमी धावायला लागली आहे, बघायला या, एवढंच म्हणाल्या.

मी पोचले तेव्हा ठमी अंगणात होती. हनुवटीवर तांदळाएवढा वण. मला बघून ती कुमुदताईंच्या पदरामागे गेली. कुमुदताई म्हणाल्या, आजी आहे ती, जा. ती गेली नाही. मी आणलेलं खुळखुळणारं माकड तिनं हातात घेतलं आणि पुन्हा पदरात तोंड खुपसलं. मी पाणी प्यायले. घराला जुनं मोठं दार होतं, दोन पायऱ्या आणि पुढे रस्ता. फाटकबिटक काही नव्हतं. धंद्याच्या सवयीनं मी मनातल्या मनात माप घेतलं, तीन फूट चार इंच.

चहा झाला. कुमुदताईंनी कपबशा विसळल्या, पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

‘बाजार करून येते,’ म्हणाल्या. ‘तासभर लागेल. ती भुकेजली तर पेज झाकून ठेवलीय.’

मी म्हणाले, मीही येते, आपण तिघी जाऊ. त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, ती मला ओळखतही नाही नीट, रडेल. त्या म्हणाल्या, रडेल की. आणि दार उघडंच टाकून त्या रस्त्याला लागल्या. वळणापर्यंत गेल्या. एकदाही मागे बघितलं नाही.

ठमी रडली. दारात उभी राहून त्या वळणाकडे बोट करून रडली, मी उचललं तर पाय झाडून रडली. मी तिला खाली ठेवलं आणि खालच्या पायरीवर, तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये बसले.  किती वेळ गेला ते माहीत नाही, मी घड्याळाकडे बघितलं नाही, कारण पोरीवरून नजर काढायची माझी हिंमत नव्हती. मग कधीतरी ती हुंदके देत खाली उतरली आणि माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. माझ्या नाकातल्या चमकीला बोट लावून बघितलं. पेज अर्धी खाल्ली, अर्धी माझ्या साडीला पुसली आणि माझ्या मांडीवर झोपून गेली.

कुमुदताई तासाचं सांगून गेल्या होत्या, आल्या अडीच तासांनी. पिशवीत चार वांगी आणि एक कोथिंबिरीची जुडी. एवढ्याला अडीच तास लागत नाहीत, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. झोपलेल्या पोरीकडे बघून त्यांनी आवाज न करता चपला काढल्या आणि आत जाऊन वांगी चिरायला बसल्या. काय झालं, रडली का, काही विचारलं नाही.

मी तिथंच बसून राहिले. पाय बधिर झाले होते तरी हलले नाही. त्यांच्या जागी मी असते तर माझ्यासारख्या बाईजवळ पोर टाकून पाच मिनिटंसुद्धा गेले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. आणि काय सांगू, त्यासाठीही मला त्यांचा हेवाच वाटला.